पाटीवर सत्तर मिनिटं

रांग पन्नास मिनिटांची असते.
मी पाटीवर सत्तर लिहायला सांगते.
वीस मिनिटं आधी पोचलेला माणूस
दिवसभर खूश राहतो,
काहीतरी स्वस्तात पदरात पडल्यासारखा.
एवढं खोटं पगारात बसतं.

ईरी सरोवराच्या या काठावर
आमचा हंगाम एकशे बारा दिवसांचा,
विमा तीनशे पासष्टांचा,
आणि गंज?
तो सुट्टीच्या दिवशीही कामावर हजर.
आकाशपाळण्यात चौघं बसोत की चाळीस,
मोटर तेवढीच वीज पिते,
आणि लाल शर्टातली तीन पोरं
घड्याळाकडे बघत तेवढीच मजुरी मागतात.

शनिवारी तिकीट ब्याऐंशी डॉलर,
मंगळवारी सेहेचाळीस.
लोक म्हणतात, शनिवारी लुटता.
खरं तर शनिवारी मी हात जोडत असते:
येऊ नका हो, सगळे एकदम येऊ नका.
ही विनवणी आकड्यातच लिहावी लागते,
अक्षरातली कोणी वाचत नाही.

गर्दी दुधासारखी.
पाठ वळली की उतू जाते,
आच फार कमी केली तर तापतच नाही.
एका जूनमध्ये दिवसभरात अकराशेच माणसं आली.
रांग कुठेच नव्हती, तरी कोणी हसेना.
रिकाम्या बागेत लोक हळू आवाजात बोलतात,
बटाटे न खाता
चार वाजता गाडी काढतात.

दुपारी एकला रेडिओवर ओटिस प्रुइट:
दुसरी गाडी रुळावर घालू का?
दुसरी गाडी म्हणजे आणखी चार पोरं,
ब्रेकची आणखी एक तपासणी.
मी खिडकीतून लाकडी कोस्टरची रांग बघते.
कोणी बाई मूल खांद्यावर घेते
ते माझं मोजमाप.
तीन मुलं खांद्यावर चढली
की म्हणते, घाल.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला,
मनगटावर पिवळी पट्टी, पंचेचाळीस डॉलर,
बांधली की थेट पुढे.
तेव्हापासून आम्ही वाटच विकतो:
काहींना चालायची,
काहींना पाहायची.
शंभरात दहा पट्ट्यांपर्यंत कुरकुर नाही.
बाराव्याला टोमणे.
चौदाव्याला कुणाचा तरी बाप
साखळी ओलांडतो, आणि त्याचं पोरगं
मान खाली घालून
बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसतं.

मंगळवारी खिडकीशी विल्मा यांकुरा,
वय एकोणऐंशी, हातात घडी घातलेली शाल.
मला कशातच बसायचं नाही, म्हणाली,
कोस्टरच्या दुसऱ्या चढाखाली बाक आहे,
फक्त त्यावर बसायचं. त्याचे किती?

पूर्वी फाटक फुकट होतं,
ज्यात बसाल त्याचं कुपन फाडायचं.
तिच्या नवऱ्याने तिथे एकतीस उन्हाळे
हाताने ब्रेक ओढला.
तेव्हा ती त्याचा डबा घेऊन यायची,
बाकाचे पैसे कोणी मागितले नव्हते.

यंत्रात बाकाचा भाव नव्हता.
ज्येष्ठ नागरिक, एकोणचाळीस.
त्याखाली काहीच नाही,
फक्त अगदी शेवटी एक चौकट:
पुरवठादार, शून्य.
ती दाबली.
कसला पुरवठा, यंत्राने विचारलं,
रिकामं सोडू देईना.
मी लिहिलं: बर्फ.

मग ती दर मंगळवारी आली.
गाडी वरून गेली की बाक थरथरतो,
ती दोन्ही तळवे फळीवर टेकवून बसते,
आणि पाचला निघून जाते.
बटाटे तीही खात नाही.

ऑगस्टअखेर हिशेबखात्यातून फोन.
दर मंगळवारी बर्फ येतोय, बिल कुठाय?
वितळला, म्हणाले.
पलीकडे थोडा वेळ नुसती टकटक.

फोन ठेवला
आणि येत्या शनिवारच्या ब्याऐंशीचे
चौऱ्याऐंशी केले.